रविवारचे आकडे

“पाटील मॅडम, आमच्या खोलीत तुम्ही कुणाला शिरू दिलं?”

फोन धुळ्याहून होता. डॉ. भामरे. नमस्कार वगैरे काही नाही, थेट हा प्रश्न.

“कुठल्या खोलीत, सर?”

“मशीनमधल्या. शिंदखेड्याच्या विहिरींचे क्षार मागच्या महिन्यात बाराशेच्या आसपास होते. काल रुखसानानं प्रिंट काढला तर अठरा. अठरा! एप्रिल चालू आहे, तिकडे पाण्याचा थेंब नाही. क्षार काय सासरी गेले?”

“टाइप करताना एखादा आकडा...”

“टाइप तपासलंय. आमच्या फाइलमध्ये आकडे बरोबर आहेत, उत्तर चुकीचं येतंय. म्हणजे मधे कुणाचा तरी हात आहे. आणि मशीन तुमच्या जळगावात आहे.”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात राहिलं ते हे शेवटचं वाक्य. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच होतं.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा जळगावला, मेहरूणच्या बाजूला, एका संगणक केंद्रात सिस्टिम मॅनेजर होते. खानदेशातल्या प्रत्येक कॉलेजला स्वतःचं मोठं मशीन घेणं शक्य नव्हतं. म्हणून एकच युनिक्स मशीन जळगावला ठेवायचं आणि सगळ्यांनी ते वाटून वापरायचं, अशी योजना होती. जळगावच्या लोकांनी केंद्रात येऊन टर्मिनलवर बसायचं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं आतल्या एसीच्या खोलीत. धुळ्याच्या लोकांनी त्यांच्याच कॉलेजात बसून टेलिफोनच्या लाइनवरून आमच्या मशीनवर यायचं. त्यासाठी दोन्ही टोकांना मोडेम नावाची पेटी होती. ती आकड्यांची शिट्टी करते, आणि पलीकडची पेटी शिट्टीचे पुन्हा आकडे करते. लाइनीत खरखर असली की अर्धं वाक्य गळायचं. पण चालायचं.

माझं काम म्हणजे प्रत्येक संशोधन गटाला या एका मशीनमध्ये त्याची स्वतंत्र जागा करून देणं. आज याला व्हर्च्युअल अमुकतमुक म्हणतात. आम्ही कक्ष म्हणायचो. गटाचं नाव, पासवर्ड, फायली ठेवायची जागा, लागणारे प्रोग्रॅम. माणूस आत शिरला की अख्खं मशीन आपल्याच बापाचं आहे असं त्याला वाटलं पाहिजे, आणि शेजारी कोण बसलंय ते दिसता कामा नये. पहिले दोन कक्ष मी केले ते धुळ्याच्या भामरे सरांच्या विहिरींचा आणि जळगावच्या डॉ. चौधरींचा केळीचा. भामरे सरांची विद्यार्थिनी रुखसाना पिंजारी विहिरींच्या पाण्यावर पीएच.डी. करत होती. चौधरी सर केळीला कुठलं खत किती दिलं तर घड किती भरतो, त्याचे प्लॉट घेत होते.

सगळ्या कक्षांची एक मास्टर किल्ली असते. तिला रूट म्हणतात. ज्याच्याकडे रूटचा पासवर्ड, तो कुठल्याही कक्षात जाऊ शकतो, काहीही वाचू शकतो, बदलूही शकतो. ही किल्ली माझ्याकडे होती. आणि माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. त्यामुळे जळगावकरांच्या मते मी धुळ्याची होते, आणि धुळेकरांच्या मते मी जळगावची झाले होते. मशीन धुळ्याला यायला हवं होतं, ते जळगावनं पळवलं, हा राग धुळ्यात आधीपासून होताच.

मी भामरे सरांचा कक्ष तपासला. फायलींवर त्यांच्याशिवाय कुणाला परवानगी नव्हती. बाहेरच्या कुणी आत आल्याची खूण नव्हती. तोच प्रोग्रॅम, तीच फाइल, पुन्हा चालवून पाहिली. शिंदखेडा बाराशे. अगदी बरोबर.

मी फोन केला. “सर, आता बरोबर येतंय.”

“येणारच,” भामरे सर म्हणाले. “मी फोन केल्यावर कुणीतरी परत नीट करून ठेवलं.”

मी फोन ठेवला.

तेवढ्यात दुसरी बाजू उघडली. चौधरी सर एके दिवशी माझ्या टेबलाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, आतल्या खोलीत कोण कोण जातं हो?”

खरं सांगायचं तर सगळेच जायचे. जळगावचा उन्हाळा. अख्ख्या इमारतीत एसी फक्त मशीनच्या खोलीला. क्लार्कपासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येकाला त्या खोलीत काहीतरी काम निघायचं. मी विचारलं, “का सर?”

त्यांनी घडी घातलेला प्रिंट काढला. एका प्लॉटचा सरासरी घड नऊशे किलोचा होता.

“हे कधीचं?”

“दोन-तीनदा झालंय. मी बोललो नाही. लोक हसतील. आमच्याच डिपार्टमेंटमधला कुणी तरी माझ्यावर खार खाऊन आहे, असं मला वाटलं. आता वाटतं, धुळ्याचं काम असेल.”

“धुळ्याचं कशावरून?”

“भामरेंची ती विद्यार्थिनी अधूनमधून नशिराबादला मामाकडे येते. जळगाव ओलांडूनच जावं लागतं. केंद्रावरून जात नसेल कशावरून?”

रुखसानाला मी ओळखत होते. सुरुवातीला ती आठवडाभर केंद्रात शिकायला आली होती. शांत मुलगी. जे कळलं नाही ते पुन्हा विचारायची, आणि कळलं की पुन्हा विचारायची नाही. विहिरींचे नमुने तिनं स्वतः फिरून गोळा केले होते, एसटीनं आणि एसटी जात नाही तिथे पायी. काही गावांत तिला विहिरीजवळही येऊ दिलं नव्हतं. मग तिथल्या बायकांशी बोलून, चहा पिऊन, तिनं बाटल्या भरून आणल्या होत्या. दुसऱ्याच्या केळीत हात घालायला तिला वेळ नव्हता. पण मी चौधरी सरांना तसं म्हणाले तर मी धुळ्याची बाजू घेतली असं झालं असतं. मी गप्प बसले.

त्यांची बातमी मात्र गप्प बसली नाही. ती धुळ्याला पोचली, आणि भामरे सरांनी रुखसानाचा पासवर्ड काढून घेतला. “तात्पुरता,” असं तिला सांगितलं. यापुढे सर स्वतः कक्ष उघडून देणार आणि ती त्यांच्यासमोर बसून काम करणार.

त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचा फोन आला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना फोनवर एरवी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत.

“भामरे सर घर उना व्हतात,” नाना अहिराणीत म्हणाले. “काय शे हाई? बठ्ठा गावमा तुनं नाव व्हई ऱ्हायनं.”

“नाना, मशीनमध्ये काहीतरी घोटाळा आहे. मी शोधतेय.”

“ते ठीक शे. पन तू कोना बाजूनी शे, ते सांग.”

“मी मशीनच्या बाजूची आहे, नाना.”

मग, “मशीनले काय बाजू ऱ्हास?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. भामरे सर माझ्या माहेरी जाऊन माझ्या बापाला विचारतात, तुमची पोर चोर आहे का? आणि बापाला ते क्षणभर तरी शक्य वाटतं!

खरा स्फोट झाला तो तिमाही बैठकीत. बैठक आमच्या केंद्रात होती. अध्यक्ष आमचे संचालक महाजन साहेब. स्वभावानं सौम्य, पण त्यांना एकच भीती होती: हे प्रकरण वर गेलं तर केंद्र बंद पडेल. प्रत्येक गटानं आपापले प्रिंट टेबलावर मांडायचे, अशी पद्धत होती. चौधरी सरांनी जाडजूड गठ्ठा ठेवला. भामरे सरांनी स्वतःचं काहीच काढलं नाही. ते चौधरींचा गठ्ठा ओढून घेऊन पानं उलटत बसले. महाजन साहेब केळीच्या निर्यातीबद्दल काहीतरी बोलत होते. मधेच भामरे सरांचं बोट थांबलं.

“सापडला,” ते म्हणाले.

“काय सापडलं?”

“चोर.” त्यांनी पान सगळ्यांसमोर फिरवलं. “ही ओळ वाचा साहेब. घडाचं वजन सात हजार सातशे सत्याहत्तर. पुढची ओळ, सात हजार सातशे सत्याहत्तर. तिसरी, तेच.”

चौधरी सरांचा चेहरा पडला. त्यांनी शेवटची पानं पाहिलीच नव्हती.

भामरे सर उभे राहिले. “हा आकडा मी टाकला होता. मुद्दाम. नसलेल्या गावाच्या नसलेल्या विहिरी, आणि प्रत्येकीत हा आकडा. मी कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या विद्यार्थिनीलाही नाही. आमच्या कुलुपबंद कक्षातला आकडा यांच्या कागदावर कसा आला?”

चौधरी सर म्हणाले, “मला नाही माहीत. शपथेवर सांगतो.” पण शपथेचा आवाज खोटाच वाटतो, माणूस खरा असला तरी.

“आणि कुलूप उघडणारी किल्ली एकच आहे,” भामरे सर म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, “सर, चोरीच करायची तर चौधरी सर तुमचा आकडा स्वतःच्या रिपोर्टमध्ये छापून तुमच्यासमोर का ठेवतील? सात हजार किलोचा घड कोण छापेल?”

“चोर घाईत असतो, मॅडम.”

महाजन साहेबांनी बैठक तिथेच संपवली. सगळे गेल्यावर मला आत बोलावलं. म्हणाले, “तुमच्यावर माझा विश्वास आहे.” आणि मग म्हणाले, “रूटचा पासवर्ड पाठ राहणार नाही असा बदलून एका पाकिटात घालून सील करून माझ्याकडे द्या. तुम्हाला हवा असेल तेव्हा माझ्यासमोर पाकीट उघडायचं.” विश्वास आणि सीलबंद पाकीट एकाच दमात बसू शकतात, हे मला तेव्हा कळलं. मी दिला. त्यांनी हेही सांगितलं की पुढच्या बैठकीपर्यंत उलगडा झाला नाही, तर त्यांना वर लिहावं लागेल आणि त्यात माझं नाव येईल.

घरी जाताना माझ्या डोक्यात तो सत्याहत्तरच घोळत होता. रागानं नाही. भामरे सरांनी सापळा लावला, आणि सापळ्यात काहीतरी अडकलं होतं, हे खरं होतं. आकडा इकडून तिकडे गेला होता. पण गेला तो चोरासारखा नाही. चोर चांगली वस्तू उचलतो, लपवतो. इथे निरुपयोगी वस्तू गेली आणि उघड्यावर पडून राहिली. हे चोरीसारखं नव्हतं, सांडल्यासारखं होतं.

सांडायचं तर दोघांची भांडी कुठेतरी जवळ यायला हवीत. दोन कक्षांत सामाईक काय होतं? मी रुखसानाला तिच्या घरच्या शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावून घेतलं.

“रुखसाना, आकडे कधी बिघडतात? कुठल्या दिवशी?”

ती लगेच म्हणाली, “रविवारीच, मॅडम. मी सरांना म्हणाले होते.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, रविवारी पाटील मॅडम सुट्टीवर असतात, म्हणूनच.”

धुळ्याचे लोक रविवारी का बसायचे? त्या दिवशी एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर उतरायचा. मी चौधरी सरांना विचारलं. तेही रविवारीच यायचे. इतर दिवशी केंद्रात निकाल आणि पगारपत्रकांची कामं चालत, टर्मिनल रिकामं मिळत नसे. म्हणजे आठवड्यातला एकच दिवस असा होता की विहिरी आणि केळी एकाच वेळी मशीनवर असत. आणि दोघं वापरत तो आकडेवारीचा प्रोग्रॅमही एकच होता.

हा प्रोग्रॅम बाहेरच्या एका कंपनीनं आणून बसवला होता. मुळात तो साध्या पीसीवर चालायचा. पीसीसमोर माणूस एकच असतो. मी त्याचा कोड काढून वाचायला बसले, आणि ती ओळ सापडली. प्रोग्रॅम काय करायचा? प्रत्येक तालुक्याचे, किंवा प्रत्येक प्लॉटचे, आकडे घ्यायचा, आधी एका कच्च्या फाइलीत उतरवायचा, आणि मग तिथून परत वाचून गणित करायचा. परीक्षेत आपण शेवटच्या पानावर कच्चं काम करतो तसं. फक्त ते शेवटचं पान सगळ्यांचं एकच होतं. एकच नाव, एकच जागा, कक्षांच्या बाहेर. शिवाय तो प्रोग्रॅम कुणीही सुरू केला तरी स्वतःच्याच अधिकारानं चालेल असा बसवला होता, म्हणून माझ्या भिंती त्याला लागूच नव्हत्या.

महाजन साहेबांना मी गिरणीचं उदाहरण दिलं. “साहेब, पीठ दळायला प्रत्येकजण आपापला डबा नेतो. डब्यावर नाव असतं, झाकण असतं. पण जातं एकच. एकीची दादर ज्वारी पूर्ण निघायच्या आत दुसरीनं गहू ओतला तर दोघींच्या डब्यांत काय जाईल?”

“पटतंय,” साहेब म्हणाले. “पण भामरेंना पटेल?”

पटलं नाही. “मशीन चुकतं असं सांगून माणसं वाचवायची, ही जुनी युक्ती आहे,” ते फोनवर म्हणाले. “करून दाखवा. पण तुम्ही मशीनजवळ असायचं नाही.”

“मग मी कुठे असू?”

“इथे. माझ्यासमोर.”

म्हणून मी एसटीनं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. दुपारच्या उन्हात खिडकीची पट्टी तापून हाताला चटका देत होती. जळगावला मशीनच्या खोलीला कुलूप, किल्ली महाजन साहेबांच्या खिशात, आणि टर्मिनलवर चौधरी सर. धुळ्याला भामरे सरांच्या खोलीत एक फोन मोडेमला लावलेला, दुसरा ऑफिसातून लांब वायर ओढून आणलेला, बोलण्यासाठी. रुखसाना खिडकीशी उभी होती. माझ्याकडे पाहून हसली, पण पुढे आली नाही.

ठरलं असं: दोन्हीकडच्यांनी मनात एक आकडा धरायचा, कुणाला सांगायचा नाही, तो दहा ओळी टाइप करायचा आणि एकाच वेळी प्रोग्रॅम सुरू करायचा. भामरे सरांनी टाइप करताना डाव्या हातानं पडदा झाकला. फोनवर महाजन साहेब म्हणाले, “करा सुरू.”

दोन्हीकडे उत्तर आलं. दोन्हीकडे बरोबर.

पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर.

भामरे सर खुर्चीत मागे रेलले. “झालं?”

कोडमधली ओळ मी डोळ्यांनी पाहिली होती. फोनवर पलीकडे चौधरी सर कुणाशी तरी बोलत होते, त्यातला “धुळेवाली” एवढाच शब्द मला ऐकू आला. आता तेही मला दोष देत होते.

“सर,” रुखसाना खिडकीजवळूनच म्हणाली. “दहा ओळी लगेच संपतात. आपण बटण दाबतो तोवर एकाचं काम होऊनही जातं. रविवारी आमचा पूर्ण डेटा असतो. त्याला वेळ लागतो.”

बरोबर होतं. दोन बायका गिरणीत मूठमूठभर धान्य घेऊन आल्या तर त्यांची गाठ पडणार कशी? मी म्हणाले, “खरा डेटा लावू या. दोन्हीकडे.”

“खरा डेटा?” भामरे सर ताडकन उठले. “म्हणजे आमच्या विहिरी खरोखर जळगावला जाऊ द्यायच्या? उद्या त्यांनी छापल्या तर? हाच तर तुमचा डाव नाही ना?”

“मग खोटे आकडे भरपूर टाइप करू.”

“त्याला आठवडा लागेल. आणि तेवढ्या वेळात जळगावला मशीनमध्ये काय काय होईल?”

त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचंही चूक नव्हतं. चोरी झाली नाही हे सिद्ध करायला माल उघड्यावर ठेवा, असं मी त्यांना सांगत होते. कुणीही नाहीच म्हणालं असतं. ते नाहीच म्हणाले.

तेव्हा रुखसाना टेबलाशी आली. तिचा आवाज वाढला नव्हता.

“सर, त्या विहिरी मी फिरले आहे. जाऊ द्या जळगावला. गेल्या तर माझ्या जातील. नाही दाखवलं तर माझं नाव असंच राहील. मामाकडे जायचं मी बंद केलंय, ते तरी किती दिवस?”

तिनं मामाकडे जाणं बंद केलं होतं हे भामरे सरांना माहीत नसावं. मग त्यांनी खुर्ची ओढली, पासवर्ड टाइप केला, उठले आणि म्हणाले, “बस.”

ती बसली. फोनवर मी साहेबांना सांगितलं, चौधरी सरांनाही पूर्ण प्लॉट लावायला सांगा. ते तिकडे कुरकुरले, साहेबांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि ते तयार झाले.

“करा सुरू.”

पडद्यावर तालुक्यांची नावं एकेक करून उतरू लागली. साक्री बरोबर. शिरपूर बरोबर. धुळे बरोबर. मग शिंदखेडा, आणि समोर एकोणीस.

कुणी काही बोलायच्या आत फोनमधून चौधरी सरांचा आवाज आला, इतका मोठा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. “अहो, अकराशे किलो! माझा घड अकराशे किलोचा आला हो! साहेब, बघा, तुम्ही स्वतः बघा!” नुकसान सांगताना इतका आनंदित झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

भामरे सरांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. “चौधरी, तुमच्या घडाचं खरं वजन किती असतं सरासरी?”

“अठरा-एकोणीस किलो.”

भामरे सरांनी पडद्यावरच्या एकोणिसाकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, “हं. ते इकडे आलंय.” आणि रिसीव्हर मला परत दिला.

त्यांनी माफी मागितली नाही. कुणाचीच नाही. थोड्या वेळानं त्यांनी टेबलावरचा एक कागद फाडला, त्यावर पासवर्ड लिहिला आणि रुखसानासमोर सरकवला. “घे. आजपासून तूच बघ.”

तिनं कागद उचलला नाही.

“सर, तुम्ही तो बदललाच नव्हता,” ती म्हणाली. “मला अजून पाठ आहे. बदलून घ्या.”

मी बॅग आवरायला लागले. त्या खोलीत माझं काम उरलं नव्हतं.

दुरुस्ती अगदी छोटी होती. कच्च्या फाइलीच्या नावात प्रत्येक कक्षाचं नाव जोडायचं, आणि ती त्या त्या कक्षाच्या आतच ठेवायची. साहेबांसमोर पाकीट उघडून मी ते केलं. कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की एवढ्या माणसांनी एकदम वापरावा असं प्रोग्रॅमबद्दल कुठे लिहिलेलंच नाही. हेही खरंच होतं. दोन्ही गटांनी रविवारचं सगळं काम पुन्हा केलं. रुखसानाला पीएच.डी. मिळाली. तिच्या विहिरी कुणी छापल्या नाहीत, आणि चौधरी सरांची केळी धुळ्यात कुणी पिकवली नाही.

पण वाटून वापरायची योजना काही टिकली नाही. वर्षभरात दोन्ही गटांनी स्वतःसाठी वेगळा पीसी मागून घेतला. कारण विचारलं तेव्हा भामरे सर म्हणाले, “त्यात काही नाही मॅडम. आता मशीनवर पूर्ण विश्वास आहे.” मग थोडं थांबून, “मशीनवर,” असं पुन्हा म्हणाले. माझं पाकीट महाजन साहेबांच्या कपाटातच राहिलं. परत द्या असं मी म्हटलं नाही, घ्या असं ते म्हणाले नाहीत.

मी नंतर इतर शहरांत, याहून कितीतरी मोठ्या मशीनवर कामं केली. अजूनही कुणी ना कुणी येतं आणि सांगतं, आमच्या डेटामध्ये कुणीतरी हात घालतंय, आकडे बदलतायत. मी त्यांना बसवते, पाणी देते आणि विचारते की तुमच्याबरोबर त्याच वेळी आणखी कोण काम करत होतं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ज्याचे आकडे बदललेले दिसतात, त्याच्याकडे सहसा चोरी झालेली नसते. खरी चोरी करणारा आकडे बदलत नाही. तो वाचतो, सगळं जिथल्या तिथे ठेवतो आणि निघून जातो. कुणीतरी नुसतं वाचून गेलं, अशी तक्रार घेऊन मात्र आजवर माझ्याकडे एकही माणूस आलेला नाही, आणि हे काही चांगलं लक्षण नाही.